पलीकडचा उजवा कोपरा

बोटीच्या दोन बैठका परत आल्या तेव्हा मिस्त्री साच्याला मेण लावत होता. मालकांनी हाक मारली नाही. त्या दोन्ही फळ्या त्यांनी स्वतः उचलून आणल्या, कामाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसले. मालक बसले की प्रकरण लांबणार, हे शेडमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं. जे उगाच उभे होते ते हळूच आपापल्या कामाला लागले.

"मिस्त्री, हे काय आहे?"

मिस्त्रीने मेणाचं फडकं बाजूला ठेवलं आणि जवळ येऊन पाहिलं. "तडा आहे," तो म्हणाला.

"तडा आहे ते मलाही दिसतंय. का आहे ते सांगा."

त्याने तड्यावरून बोट फिरवलं. लहान बोटीत माणसं बसतात ती ही आडवी फळी. फायबरची. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरायची, वर रेझिन ओतायचं, ब्रशने भिजवायचं, मग रोलर फिरवून आत अडकलेली हवा बाहेर काढायची आणि वर पुढचा थर टाकायचा. असे थर चढवून ते वाळले की फळी साच्यातून सुटते. चारही कोपऱ्यांना भोकं पाडून बोल्ट बसवतात. या दोन्ही फळ्या बोल्टापाशी तडकल्या होत्या, आणि दोन्ही एकाच कोपऱ्यात. आपण साच्यासमोर उभे राहिलो तर पलीकडचा उजवा.

पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मालक तसं म्हणाले नाहीत, पण म्हणायचं राहिलं आहे हे दोघांनाही कळलं. पूर्वी म्हणजे मिस्त्रीची बायको होती तेव्हा.

दोघं एकाच साच्यावर काम करायची. मॅट कापणं, अंथरणं, रेझिन ओतून भिजवणं मिस्त्रीचं. साच्याच्या पलीकडच्या बाजूला बायको, हातात रोलर. मिस्त्री थर भिजवून अर्धं पाऊल मागे सरायचा आणि समोरून रोलर यायचा, चरचर आवाज करत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. शेडमधले लोक तिला वहिनी म्हणायचे. वहिनींच्या हाताखालून बुडबुडा सुटत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. मिस्त्री तिला 'अगं' म्हणायचा आणि ती त्याला 'अहो'. दिवसभरात याहून जास्त बोलायची गरज पडत नसे. क्वचित एखादा थर मनासारखा बसला की मिस्त्री म्हणायचा, कापणं बघितलंस का, साच्यात कसं बरोब्बर बसलं. त्यावर ती मान खाली घालूनच म्हणायची, "तुमचं कापणं म्हणजे काय विचारता." आणि रोलर फिरवत राहायची.

थंडीच्या तोंडावर ती आजारी पडली आणि थंडी संपायच्या आत गेली. आता शेडमध्ये पंखे लागले होते.

ती गेल्यावर मालकांनी रोलरसाठी दुसरा माणूस द्यायची तयारी दाखवली होती. मिस्त्री नको म्हणाला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून तो एकटाच करत होता. थर भिजवून झाला की सवयीने अर्धं पाऊल मागे सरायचा. समोरून काही यायचं नाही. मग वळसा घालून पलीकडे जायचा, रोलर उचलायचा, फिरवायचा, परत अलीकडे यायचा. घट्ट करणारं हार्डनर पडलेलं रेझिन कोणासाठी थांबत नाही. शेवटच्या थराला येईपर्यंत ते मधासारखं घट्ट व्हायला लागायचं आणि मिस्त्री घाई करायचा.

त्याला वाईट वाटत होतं असं नाही. लोकांना वाटायचं की वाटत असेल. त्यालाही वाटायचं की वाटायला हवं. पण आत हात घालून चाचपलं तर हाताला काही लागत नव्हतं. भूक लागायची नाही, पण ताट समोर आलं तर तो जेवायचा. रेझिनचा वास, ज्याने नवख्या माणसाचं डोकं भणभणतं, तो त्याला येईनासा झाला होता.

मालकांनी पुढचं सांगितलं. बोटी विकत घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की हाताने थर चढवण्याचं काम आता बंद करा, पंपाने करा, नाहीतर आम्ही दुसरं दार बघतो. पंप तर मालकांनी आधीच आणला होता. त्याच्याबरोबर दुसऱ्या कारखान्यातून एक माणूसही आला होता. टक्कल पडलेला, गप्पिष्ट, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा. सगळे त्याला पंपवाला म्हणत. त्याची पद्धत वेगळी. साच्यात कोरडं कापड अंथरायचं, वर प्लास्टिकचा कागद टाकून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली सगळी हवा ओढून घ्यायची. कागद कापडाला असा घट्ट बसतो की वीण मोजता येते. मग एका बाजूने नळी सोडायची, रेझिन आपणहून आत ओढलं जातं. रोलरची गरज नाही. समोर कोणी उभं राहायची गरज नाही.

"माझ्या पंपाला ना रजा लागते ना चहा," पंपवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "आणि कुरकुर करायला लागला तर तेल घातलं की गप्प. घरी असं चालत नाही."

सगळे हसले होते. मिस्त्रीही हसला होता, सगळे हसतायत म्हणून.

आता मालकांनी ठरवलं होतं की वादच नको. हाताची एक फळी आणि पंपाची एक फळी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चाचणीच्या प्रयोगशाळेत द्यायची. तिथे तोडून बघतील. काय तो सोक्षमोक्ष लागेल, कंपनीलाही कागद दाखवता येईल. मिस्त्रीच्या नोकरीला धक्का नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पंपाच्या टेबलावरही कापड कापायला हात लागतातच.

मिस्त्री बरं म्हणाला. त्याला खरोखरच काही वाटलं नाही. हाताचं काम बंद झालं तरी काय आणि राहिलं तरी काय. तो मेणाच्या फडक्याकडे वळलाही होता.

तेवढ्यात पंपवाल्याने तडकलेली फळी उचलून उजेडाकडे धरली. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या तोंडाला फक्त फाटक नव्हतं. "इतकी वर्षं असंच चाललंय म्हणजे," तो म्हणाला, "पाण्यावर अशा किती कच्च्या बैठका फिरत असतील, देव जाणे."

मिस्त्री थांबला. इतकी वर्षं म्हणजे तिची वर्षं. या दोन फळ्या त्याच्या एकट्याच्या होत्या, पण कागदावर 'हाताचं काम' असं लिहिलं जाणार होतं, आणि हाताचं काम म्हटलं की त्यात ती आली. ती पलीकडे उभी राहून करत होती ते सगळं त्या एका शब्दात जाणार होतं.

"हाताची म्हणून कुठली फळी देणार?" त्याने मालकांना विचारलं.

"कुठलीही. मागच्या आठवड्यात केलीत त्यातली."

"ती नको. ती माझ्या एकट्याची आहे," मिस्त्री म्हणाला. "द्यायची तर दोघांनी केलेली द्या. एक आहे घरी."

*

घरातली फळी दारापाशी होती. दोन लाकडी खोक्यांवर टेकवलेली, वर जुनी उशी. त्यांनी दोघांनी मिळून केलेली ती शेवटची. निळ्या रंगात एका ठिकाणी पांढरट धब्बा उतरला होता म्हणून ती कंपनीला गेली नाही. मालक तोडून टाकायला निघाले होते. बायको म्हणाली, तोडता कशाला, मला वाकून चपला घालवत नाहीत हल्ली, बसायला होईल. त्या धब्ब्याला ती ढग म्हणायची. आजारपणात बाहेर जायचं असलं की आधी ढगावर बसायची, दम घ्यायची, मग चपलेत पाय घालायची. आता मिस्त्री रोज सकाळी तिथे बसून बूट घालत होता.

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या भागात राहायची. आली की आधी फ्रीज उघडायची.

"बाबा, मागच्या वेळचा डबा तसाच आहे. फ्रीजला जेवण घालता की काय?"

मिस्त्रीने सांगितलं की खाल्लं होतं, थोडं राहिलं असेल. तिने डबा तिरका करून दाखवला. भाजीचा अख्खा गोळा एका बाजूला घसरला.

मग मिस्त्रीने तिला फळीचं सांगितलं. जास्त सांगण्यासारखं नव्हतं. दोन बैठका तडकल्या, हाताच्या कामाची चाचणी होणार, त्यासाठी ही द्यायची आहे. मुलगी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

"देणार म्हणजे, परत आणणार ना?"

"तुकडे येतील."

"आईची बसायची जागा आहे ती."

"हो."

"बाबा, घरात आईचं उरलंय काय? साड्या मावशीला दिल्या. चष्मा तुम्ही कुठे ठेवलात ते तुम्हालाच आठवत नाही. ही एक फळी आहे, ती तोडायला देताय."

मिस्त्रीने सांगायचा प्रयत्न केला. म्हणाला की ते लोक हाताचं काम कच्चं आहे म्हणतायत.

"म्हणू देत. आईला आता काय फरक पडतो?"

तिला काही फरक पडत नव्हता हे उघड होतं. त्याला स्वतःला पडतो का, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. त्याला एवढंच कळत होतं की ती फळी दिली नाही तर कागदावर त्याची एकट्याची फळी जाईल आणि तिच्या नावाने मोजली जाईल. फळी दिली तर तिची जागा जाईल. दोन्हीतलं एक जाणारच होतं. मुलीने नळ पुन्हा सोडला नाही.

"तिचं काम चांगलं होतं," शेवटी तो म्हणाला. "ते कुठेतरी लिहिलं जाऊ दे."

मुलीने पदराला हात पुसले आणि दाराशी गेली. उशी काढली, फळी खोक्यांवरून उतरवली आणि धूळ पुसली. तिला गुंडाळायला कपाटातून चादर काढली, ती बघितली, परत ठेवली आणि दुसरी काढली. पहिली आईची होती. मिस्त्रीने ते पाहिलं. फळी गुंडाळताना गाठ मारायला त्याने बोट धरलं, लहानपणी ती खेळण्यांची पेटी बांधताना धरायचा तसं.

*

प्रयोगशाळेतल्या बाई चाळिशीच्या होत्या, केस आवळून बांधलेले, बोलणं मोजकं. मालक फळ्या पोचवून निघून गेले, त्यांना बँकेत काम होतं. मिस्त्री थांबला. थांबायची गरज नव्हती, पण बाईंनी जा म्हटलं नाही.

टेबलावर तीन फळ्या होत्या. तडकलेली एक, तड्याचं कारण कळावं म्हणून मालकांनी दिलेली, पंपाची एक, घरची एक. घरच्या फळीवर बाईंनी पेनाने रेघा आखल्या. धब्ब्यावरूनही एक रेघ गेली. मग पाणी सोडत फिरणाऱ्या करवतीने फळीच्या पट्ट्या झाल्या. करवतीचा आवाज मोठा होता. मिस्त्रीने तो शेवटपर्यंत ऐकला. त्याला वाटलं होतं की आत काहीतरी होईल. झालं नाही.

पट्टी दोन टेकूंवर ठेवायची आणि मधोमध वरून दाबत जायचं, मोडेपर्यंत. शेजारी पडद्यावर रेघ चढत जाते. आधी मिस्त्रीच्या एकट्याच्या फळीची पट्टी लावली. रेघ थोडी चढली, कुरकुर आवाज यायला लागला आणि पट्टी वाकून फाटली. दुसरी पट्टी त्याहून लवकर गेली, तिसरी जरा उशिरा. बाईंनी फाटलेलं टोक भिंगाखाली धरून त्याला दाखवलं. आत बारीक बारीक पोकळ्या होत्या.

"वजन धागा पेलतो," बाई म्हणाल्या. "रेझिन फक्त धाग्यांना धरून ठेवतं. हवा राहिली की तिथे धागा मोकळा सुटतो आणि तडा तिथून सुरू होतो."

मिस्त्रीला हे माहीत होतं. हवा काढायची म्हणून तर रोलर. पण भिंगाखाली आपली हवा बघणं वेगळं होतं.

मग पंपाची पट्टी. ती इतरांपेक्षा पातळ होती, हातात घेतली तर वजन काहीच नाही. रेघ चढत गेली, चढत गेली, आवाज शून्य. मिस्त्रीला वाटलं यंत्र बिघडलं. मग एकदम बंदुकीसारखा बार झाला आणि पट्टी मोडली. पुढच्या पट्ट्याही तिथेच, जवळजवळ त्याच उंचीवर. बाईंनी सांगितलं की पंपाने कापड दाबलं जातं, जास्तीचं रेझिन निघून जातं आणि तेवढ्याच जागेत धागा जास्त बसतो. शिवाय त्यांचं कापड विणलेलं, लांब धाग्याचं. मॅटमध्ये धागे तुकड्यातुकड्यांचे असतात, कुठेही तोंड करून पडलेले. हाताने कितीही दाबलं तरी हाताला मर्यादा आहे.

"म्हणजे हात हरणार," मिस्त्री म्हणाला.

"हरणार," बाई म्हणाल्या. उगाच गोड बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि मिस्त्रीला ते बरं वाटलं.

शेवटी घरची फळी. पहिली पट्टी चढली. त्याच्या एकट्याच्या पट्ट्या जिथे फाटल्या ती उंची तिने ओलांडली आणि वर गेली. पंपाच्या जवळपासही नाही, पण वर गेली. कुरकुर उशिरा सुरू झाली, सावकाश, एखादं माणूस खुर्चीतून उठताना करतं तशी. मग मोडली. दुसरी तिथेच मोडली. तिसरीही तिथेच. बाईंनी भुवया वर केल्या. "हाताच्या कामात इतकं सारखेपण सहसा येत नाही," त्या म्हणाल्या. भिंगाखाली पोकळी शोधावी लागली.

मिस्त्रीने मान हलवली. जे लिहून घ्यायला तो आला होता ते झालं होतं. त्याने मोडलेले तुकडे चादरीत गोळा करायला घेतले.

बाई म्हणाल्या, अजून एक राहिलंय. तडे पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात होते ना? मग तिन्ही फळ्यांचा तोच कोपरा भट्टीत टाकायचा. रेझिन जळून जातं, काच जळत नाही, मागे फक्त धागे राहतात. मग कळतं की तिथे नेमकं काय होतं. उद्या या.

*

दुसऱ्या दिवशी टेबलावर चिनी मातीची तीन पसरट भांडी होती.

पंपाच्या भांड्यात पांढऱ्या कापडाची जाड घडी होती, कडेला कड लागलेली. मिस्त्रीच्या एकट्याच्या भांड्यात एका कडेला थोडे धागे होते. बाकी भांडं रिकामं. बोटाच्या रुंदीएवढ्या जागेत नुसती राखेची पुसट छटा.

"इथे मॅट नव्हतीच," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यात नुसतं रेझिन भरलं होतं. वरून दिसायला फळी, आत काही नाही. त्यात भोक पाडून बोल्ट आवळला. तडकणारच."

मिस्त्री म्हणाला की असं होणार नाही. मॅट तो स्वतः कापत होता, पुठ्ठ्याचा नमुना ठेवून. कापण्यात त्याची चूक कधी निघाली नव्हती. बायकोच्या पट्ट्या चांगल्या आल्या ते तिच्या रोलरमुळे, हवेमुळे. कापणं तेव्हाही त्याचंच होतं आणि आत्ताही त्याचंच.

बाईंनी तिसरं भांडं पुढे ओढलं. त्यात धागे काठोकाठ होते. त्यांनी चिमटा घेतला आणि वरचा थर अलगद उचलला, जळून मऊ झालेला, श्वास लागला तर उडेल असा. मग त्याखालचा. मग त्याखालचा. प्रत्येक थर त्या शेजारी मांडत गेल्या. मांडून झाल्यावर चिमट्याच्या टोकाने दाखवलं.

"प्रत्येक थरात जोड आहे. मोठी मॅट इथे संपते. हिच्यातही कोपरा बोटभर कमीच आहे. पुढे हा वेगळा तुकडा लावलाय. आणि हे बघा, कातरीने कापलेला नाही, हाताने फाडलाय. फाडला की कडेचे धागे विरळ होतात आणि खालच्या मॅटमध्ये मिसळून जातात, जोड वरून दिसत नाही. हे तुम्ही करत होतात?"

"नाही."

"मग?"

"माझी बायको पलीकडे असायची."

"तिने सांगितलं नव्हतं कधी?"

मिस्त्री ते तुकडे बघत होता. सगळे तिरके, लहान, एकाच्या आकाराचा दुसरा नाही. एकही थर तिने सोडला नव्हता. साच्यावर वाकून, रोलर फिरवायच्या आधी, त्याचं लक्ष रेझिनच्या बादलीकडे असताना तिने ते बसवले असणार. तिच्या एप्रनच्या खिशात नेहमी मॅटच्या चिंध्या असायच्या. तो तिला त्यावरून बोलायचाही. कचरा कशाला साठवतेस म्हणायचा.

"कातरी आहे का?" त्याने विचारलं. "आणि एखादा कागद."

बाईंनी रद्दीतला कागद आणि कातरी दिली. मिस्त्रीने नमुना म्हणून एक पातळ पुस्तक कागदावर ठेवलं आणि रोजच्यासारखं कापायला सुरुवात केली, अलीकडच्या उजव्या कोपऱ्यापासून. एक कड, दुसरी कड. त्याच्या उजव्या अंगठ्यावर फार पूर्वी साच्याची कड पडली होती. अंगठा बरा झाला होता, पण त्यात पहिली ताकद राहिली नव्हती. शेवटच्या कोपऱ्याला येईपर्यंत अंगठा दमायचा आणि कातरी आपोआप आत वळायची. आज ती वळली तेव्हा त्याने ती वळताना पाहिली.

पुस्तक उचलून त्याने ते कापलेल्या कागदावर ठेवलं. तीन कोपरे बरोबर आले. चौथ्याला, पलीकडच्या उजव्याला, पुस्तकाचा कोपरा बोटभर बाहेर राहिला.

तुमचं कापणं म्हणजे काय विचारता.

बाईंनी सांगितलं की त्यांना अहवालात पंपच सरस लिहावा लागेल, कारण तो आहेच. मिस्त्रीने लिहा म्हटलं. मग त्यांनी विचारलं की हाताच्या दोन फळ्या एकत्र धरून सरासरी काढू, की वेगवेगळ्या लिहू?

"वेगवेगळ्या," मिस्त्री म्हणाला. "एक माझी. आणि दुसरी दोघांची."

बाईंनी तसंच लिहिलं. एका ओळीत 'हाताने, एक माणूस' आणि दुसऱ्या ओळीत 'हाताने, दोन माणसं'. भांड्यातले तुकडे नेऊ का, असं विचारायचं मिस्त्रीच्या मनात आलं. पण ते हातात धरण्यासारखे राहिलेच नव्हते. तो तसाच निघाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. काय झालं, तिने विचारलं. त्याने सांगितलं, अंगठ्याचं, कातरीचं, चिंध्यांचं. ती हसायला लागली, हसता हसता तिचं हसू बिघडलं, आणि मिस्त्री फोन कानाला धरून ते संपेपर्यंत थांबला.

"एवढी वर्षं," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिला ऐटीत सांगायचात, कापणं बघितलंस का."

"हो," मिस्त्री म्हणाला.

*

कंपनीने पंप मान्य केला. मालकांनी हाताचे साचे मागच्या भिंतीला लावून ठेवले. मिस्त्री पंपाच्या टेबलावर आला. कापायचं काम त्याच्याकडेच राहिलं. पंपवाल्याने पहिल्या दिवशी त्याला सगळं समजावून सांगितलं, मधे मधे विनोद करत. त्यात एक गोष्ट कामाची होती. रेझिनला सोपी वाट आवडते, तो म्हणाला, माझ्या मेव्हण्याला आवडते तशी. कडेला कुठे फट राहिली तर ते सगळं त्या फटीतून पळत सुटतं, पंपापर्यंत जाऊन पोचतं आणि मधलं कापड कोरडं राहतं.

पहिल्या फळीचं कापड मिस्त्रीने कापलं. दमादमाने, अंगठ्यावर लक्ष ठेवून. दोघांनी ते साच्यात अंथरलं. पंपवाला प्लास्टिकचा कागद ओढायला लागला, तेव्हा मिस्त्री थांबा म्हणाला आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. इतकी वर्षं काम करून तो त्या बाजूला उभा असा फारसा राहिलाच नव्हता. ती गेल्यावर रोलरसाठी यायचा, पण घाईत. त्याने वाकून उजवा कोपरा बघितला.

बोटभर कमी होता. लक्ष ठेवूनही.

त्याने खिशातून मॅटची चिंधी काढली. काचेचे धागे बोटात टोचले. कातरी घेतली नाही. हाताने फाडली, कोपऱ्यात ठेवली आणि कडेचे धागे बोटाने विस्कटून कापडात मिसळले.

"मिस्त्री, हे काय ठिगळ?" पंपवाल्याने विचारलं. "नवीन कापा ना सरळ."

"नवीनही इथेच कमी पडेल."

"मग उद्यापासून मी कापतो. तुम्ही पंप बघा."

"बघू," मिस्त्री म्हणाला.

त्याने तुकड्यावर तळहात दाबून पाहिला. बसला होता. वरून काही कळत नव्हतं. मग तो अर्धं पाऊल मागे सरला. पंपवाल्याने कागद ओढून कडा बंद केल्या आणि बटण दाबलं.